वॉर्ड पाहा, मग फी भरा

बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्यात नर्सिंग प्रवेशाच्या फलकांची गर्दी होते आणि कपाशीच्या पैशातून फी भरणारा बाप इमारत पाहून भुलतो. आधी अभ्यासक्रम नीट समजून घ्या. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बीएस्सी चार. बीएस्सीला बारावी विज्ञान आणि सीईटी लागते. जीएनएमला इतर शाखांची वाटही मोकळी आहे, पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सीही करता येते. त्यामुळे जीएनएमला कमी लेखू नये. संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता आहे का, हे कागद मागून वाचा. पण खरी परीक्षा रुग्णालयाची. नर्स घडते ती खाटेशेजारी. विद्यार्थिनी अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयासारख्या किंवा अमरावतीच्या इर्विन, डफरीनसारख्या गजबजलेल्या वॉर्डात जातात, की रिकाम्या खाटांच्या खोलीत पुतळ्यावरच सलाईन लावायला शिकतात? तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा: बाई, तू स्वतः किती बाळंतपणं केलीस, रात्रपाळ्या किती केल्यास? ती अडखळली, तर तिथून निघा. उद्या हीच मुलगी धारणी-चिखलदऱ्याच्या उपकेंद्रात एकटी असेल, समोर रक्तस्राव होणारी बाळंतीण असेल. म्हणून पालकांनो, पैसे भरण्याआधी एक दिवस मोडा आणि ते रुग्णालय स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या.