प्रेक्षकाला पारपत्र कशाला?

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात धनज नावाचे गाव आहे. तेथील एखादे निवृत्त शिक्षक चार महिन्यांसाठी मुलाकडे परदेशी गेले आहेत, अशी कल्पना करू. ज्या मराठी मालिकांसाठी त्यांनी गावी असताना वर्षाची वर्गणी भरली, त्या ते तेथे त्याच मोबाइलवर, त्याच खात्यातून उघडू पाहतात, तेव्हा 'हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही' एवढेच उत्तर मिळते. मुलगा व्हीपीएन बसवून देतो. कागदोपत्री गुरुजी पुन्हा भारतात येतात. पण आता दुसरीच पाटी झळकते : आपण व्हीपीएन वापरीत आहात, तो आधी बंद करा. पैसे भरलेले, भाषा आपली, कथा आपल्या मातीतली. दार मात्र बंद.

घरोघरी हा प्रकार यंत्रातील बिघाड समजून हाताळला जातो. कोणी मोबाइल बंद करून पुन्हा सुरू करतो, कोणी व्हीपीएनच बदलून पाहतो. वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते. ते त्याला सांगितलेले काम चोख बजावीत असते. म्हणूनच या प्रश्नाची चिकित्सा करताना यंत्रापाशी थांबून चालणार नाही.

प्रथम यंत्राचे पाहू. इंटरनेटवर आपण जी मागणी पाठवितो तिच्यावर आपला आयपी पत्ता असतो, जसा पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता असावा. व्हीपीएन हे पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून तिसऱ्या ठिकाणाहून रवाना करतो. पण त्या ठिकाणाहून एकाच पत्त्यावरून शेकडो लोक एकदम चित्रपट पाहू लागले, तर हे घर नसून धर्मशाळा आहे हे ओळखायला फार चातुर्य लागत नाही. अशा पत्त्यांच्या याद्या तयार असतात आणि स्ट्रीमिंग सेवा त्या नित्य पडताळतात. शिवाय पत्ता झाकला तरी इतर खुणा उरतातच. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा कधीकधी व्हीपीएनला बगल देऊन स्थानिक कंपनीकडेच विचारणा करते. पत्त्याच्या नव्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही६चा, मार्ग उघडाच राहून जातो. मोबाइलची उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आपले खरे ठिकाण सांगून टाकते, आणि ॲपमध्ये साठलेल्या जुन्या नोंदी कालचा मुक्काम विसरत नाहीत.

तेव्हा दुरुस्तीचा क्रम सरळ आहे. व्हीपीएन बंद करून सेवा चालते का ते पाहावे, म्हणजे दोष कोठे आहे ते कळेल. मग सर्व्हर बदलावा, ॲपमधील साठा पुसावा, डीएनएसची विचारणा व्हीपीएनमधूनच जाते याची खात्री करावी. एवढे करूनही पाटी कायम राहिली, तर मुक्काट्याने समजावे की अडथळा आपल्या घरात नसून पलीकडच्या दाराशी आहे, आणि तो जाणूनबुजून उभा केलेला आहे.

भारतीय पत्ता मिळविणाऱ्यांच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. 28 एप्रिल 2022 रोजी केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने असे निर्देश काढले की, व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते, संपर्क क्रमांक व त्यांना दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपून ठेवावेत. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून सूट मिळाली आणि इतरांना त्याच वर्षाच्या 25 सप्टेंबरपर्यंत मुदतवाढ. परंतु एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांसारख्या कंपन्यांनी नोंदी ठेवण्याऐवजी आपले भारतातील सर्व्हरच काढून नेले. एक्सप्रेसव्हीपीएनने तेव्हापासून भारतीय पत्ता द्यायचा तो सिंगापूर किंवा ब्रिटनमधील यंत्रावरून, असा मार्ग काढला. म्हणजे न्यू जर्सीतले मराठी कुटुंब भारतात असल्याचे भासविते आणि ज्याच्या आधारे भासविते ते यंत्रही भारतात असल्याचे भासविते! भासावर भासाचा हा मनोरा एखाद्या दिवशी ढासळला तर नवल ते काय?

आता मूळ कारणाकडे वळू. चित्रपटाचे हक्क देशवार विकण्याची प्रथा जुनी आहे. निर्माता भारतातील प्रदर्शनाचा हक्क एकाला आणि अमेरिकेतला दुसऱ्याला विकतो, किंवा तेथे गिऱ्हाईकच नाही म्हणून कोणालाच विकत नाही. ज्याच्याकडे केवळ भारताचा हक्क आहे त्याने बाहेर चित्र दाखविले तर करारभंग होतो. नेटफ्लिक्सचा दाखला बोलका आहे. जानेवारी 2016 मध्ये या कंपनीने भारतासह 130 नव्या देशांत सेवा सुरू केल्याचे जाहीर केले, आणि त्याच महिन्यात व्हीपीएन व प्रॉक्सी वापरणाऱ्यांना रोखण्याचा मनोदयही जाहीर केला. जगाचे दार उघडण्याचा आणि आतल्या खोल्यांना कड्या घालण्याचा मुहूर्त एकच निघाला.

करार मोडावेत, असे कोणी म्हणणार नाही. हक्काचा मोबदला मिळाला नाही तर मराठी निर्माता जगणार कसा? पण करार हा माणसाच्या सोयीसाठी असतो, हेही विसरता कामा नये. विदर्भाला हे सांगावयास नको. कारंजावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही 'शकुंतला'ची अरुंद लोहवाट रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरही जुन्या कराराच्या बळावर एका खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. काळ पुढे गेला, करार जागचा हलला नाही. मूर्तिजापूरला उतरून गाडी बदलावी लागे, ती रूळांची रुंदी वेगळी होती म्हणून. तो अडथळा लोखंडाचा होता. आजचा निव्वळ कागदाचा आहे, तरी ओलांडता येत नाही.

अडवणूक झाली की माणूस आडवाट शोधतो, हा तर इतिहासच आहे. 1952 साली नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकरांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी अभिरुची सुधारली नाही. त्यांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावले आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'पुढे बसकण मारली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी 'विविध भारती' सुरू करून सरकारला श्रोत्यांकडे परतावे लागले. श्रोत्याला शिक्षा करून नव्हे, त्याला हवे ते देऊन तो प्रश्न सुटला. फरक इतकाच की, सिलोनच्या लघुलहरीला ऐकणाऱ्याचा पत्ता ठाऊक नव्हता. आजच्या यंत्रणेला तो ठाऊक असतो आणि ती तो लिहूनही ठेवते.

आडवाटेचा खरा धोका येथेच आहे. पैसे न घेता व्हीपीएन देणारा कशावर जगतो, हे कोणी विचारीत नाही. फेसबुकच्या मालकीचा 'ओनाव्हो' हा व्हीपीएन लोकांच्या संरक्षणाच्या नावाखाली मिळे. प्रत्यक्षात त्यातून मिळालेली वापराची माहिती कंपनी स्वतःच्या व्यवसायासाठी वापरीत होती. जुलै 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने याबद्दल तिच्या उपकंपन्यांना दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. एक मालिका पाहण्यापायी आपला सारा व्यवहार, बँकेच्या पत्रव्यवहारासह, अनोळखी माणसाच्या हवाली करणे म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर असे म्हणण्याची पाळी ओढवून घेणे होय.

म्हणून व्हीपीएनवरच बंदी घालावी काय? मुळीच नाही. घरी बसून कार्यालयाचे काम करणारा कारकून, खबऱ्याचे नाव जपणारा पत्रकार, स्थानकावरील फुकट वाय-फायवरून परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी, या सर्वांना तो उपयोगी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. त्या हक्काचे हे एक साधन आहे. मनोरंजनाच्या कुंपणावरून उडी मारायला ते वापरले जाते, हा दोष कुंपण घालणाऱ्यांच्या अदूरदृष्टीचाही आहे.

उपाय नाही असे नव्हे. युरोपीय संघाने 1 एप्रिल 2018 पासून असा नियम लागू केला की, एका सदस्य देशात पैसे भरून घेतलेली सेवा ग्राहक तात्पुरता दुसऱ्या सदस्य देशात गेला तरी त्याला मायदेशाप्रमाणेच मिळाली पाहिजे. ग्राहकाचे मूळ वास्तव्य आधी पडताळले जाते. त्यामुळे हक्कांची बाजारपेठ बुडत नाही आणि प्रवाशाची अडवणूकही होत नाही. हा नियम संघाच्या सीमेबाहेर चालत नाही हे खरे. पण तत्त्व स्पष्ट आहे. वर्गणी माणसाची आहे, जागेची नव्हे. भारतातील सेवांनी आपल्या वर्गणीदारांपुरती, ठरावीक दिवसांसाठी अशी सवलत करारांतच मागून घेतली, तर ती अशक्य आहे असे वाटत नाही. मराठी निर्मात्यांनीही परदेशाचा हक्क कपाटात पडू देण्यापेक्षा अल्प मोलाने का होईना, देऊन टाकावा. जो हक्क कोणी विकतच घेत नाही, त्याच्या राखणीने कोणाचे पोट भरते?

तोवर परदेशी गेलेल्या गुरुजींनी काय करावे? निघण्यापूर्वी सेवेच्या अटी वाचाव्यात, फुकट व्हीपीएनच्या नादी लागू नये, आणि सेवेकडे लेखी तक्रार करावी. एका तक्रारीने काही होत नाही. हजारांनी कदाचित होईल. ग्राहक गप्प राहतो तोवर त्याची गैरसोय हिशेबात धरली जात नाही, आणि पैसे मोजलेल्या प्रेक्षकावर आपल्याच भाषेतील चित्र चोरवाटेने पाहण्याची वेळ येत राहते.