भागधारकांची 'लोकशाही' की सट्टेबाजांचा लिलाव?

कंपनीचे मालक तिचे भागधारक, आणि ती कोणाच्या ताब्यात जावी हे त्यांनी ठरवणे म्हणजेच लोकशाही, असे सांगताना भांडवली बाजाराचे भाट थकत नाहीत. ब्रिटनमधील कॅडबरी गिळंकृत करण्यासाठी अमेरिकेच्या क्राफ्टने लावलेल्या बोलीने या 'लोकशाही'चे खरे स्वरूप उघडे पाडले.

७ सप्टेंबर २००९ रोजी भागामागे सुमारे ७४५ पेन्सची बोली जाहीर झाली आणि त्याच दिवशी बाजारभाव तिच्याही वर चढला. चॉकलेटचे उत्पादन एका दिवसात वाढले नव्हते. वाढली होती ती आणखी मोठ्या बोलीची आशा. जुन्या भागधारकांपैकी अनेकांनी नफा पदरात पाडून काढता पाय घेतला. हेज फंड व अल्पमुदतीच्या व्यापाऱ्यांकडील भाग सुमारे ५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांच्या घरात गेले. हे आकडे कोणा कामगार संघटनेचे नव्हेत, खुद्द कॅडबरीचे अध्यक्ष रॉजर कार यांचे आहेत. ८०० पेन्सला घेतलेला भाग ८५० ला विकणे एवढाच ज्याचा कंपनीशी संबंध, त्याला कारखान्याच्या भवितव्याचे काय सोयरसुतक? सौदा फिसकटला तरच त्याचे नुकसान. म्हणून त्याचे मत आधीच ठरलेले असते. १९ जानेवारी २०१० रोजी ८४० पेन्स आणि वर १० पेन्स लाभांश या भावाला संचालक मंडळाने मान तुकवली.

याची किंमत कोणी मोजली? ब्रिस्टलजवळील सोमरडेल कारखाना चालू ठेवता येईल, अशी ग्वाही क्राफ्टने बोलीच्या वेळी दिली होती. ताबा मिळाल्यावर आठवडाभरातच तो बंद करण्याची घोषणा झाली. सुमारे ४०० कामगारांच्या रोजगारावर कुऱ्हाड कोसळली; उत्पादन पोलंडला गेले. मे २०१० मध्ये टेकओव्हर पॅनेलने क्राफ्टवर ठपका ठेवला. त्याने एकही नोकरी वाचली नाही. आणि या सौद्यासाठी कर्ज देणाऱ्यांत रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड होती, जिला २००८ मध्ये जनतेच्याच पैशाने बुडण्यापासून वाचवले होते!

मात्र 'परक्या' क्राफ्टविरुद्ध 'स्वदेशी' कॅडबरी असा हा लढा होता, या भ्रमात राहून चालणार नाही. सोमरडेल बंद करण्याचा निर्णय मुळात २००७ मध्ये कॅडबरीच्याच व्यवस्थापनाने घेतला होता. मालकाचा झेंडा बदलतो, नफ्याचा कायदा बदलत नाही.

२०११ मध्ये ब्रिटनने नियम सुधारले. पक्की बोली लावण्यास २८ दिवसांची मुदत घातली. पण बोलीनंतर विकत घेतलेल्या भागांना मताधिकार नाकारण्याची सूचना स्वीकारली गेली नाही. भारतातही सेबीच्या २०११ च्या नियमावलीनुसार २५ टक्के मताधिकार मिळवणाऱ्याने इतर भागधारकांपुढे खुला देकार ठेवावा लागतो. कामगारांना मात्र मत नाही. कॅडबरीच्या ठाण्यातील कारखान्याची मालकीही लंडनमधील त्याच सौद्याने बदलली.

चार आठवड्यांच्या भागधारकाला मत आणि तीस वर्षे राबणाऱ्याला केवळ सूचना, ही लोकशाही नव्हे. बोलीच्या काळात घेतलेल्या भागांना मताधिकार नसावा, रोजगाराची आश्वासने कायद्याने बंधनकारक व्हावीत आणि कामगारांच्या संमतीविना हस्तांतर होऊ नये, या मागण्या घेऊन संघटित कामगारवर्गालाच पुढे यावे लागेल. बाजार त्या आपणहून कधीच मान्य करणार नाही.