दुसरा गाल आणि आमचा तराजू

दुसऱ्या गालाची गोष्ट आमच्याकडे बहुधा हसण्यासाठीच सांगितली जाते. स्टाफरूममध्ये, इफ्तारनंतरच्या गप्पांत कुणीतरी ती काढतो आणि लगेच पुढचा सवाल येतो : मग क्रूसेड कुणी केले? २००३ साली इराकवर बॉम्ब कुणी टाकले?

सवाल खोटे नाहीत. १०९९ साली जेरुसलेम घेतल्यावर क्रूसेडवाल्यांनी मुसलमान आणि यहुदी दोघांचीही कत्तल केली, हे आम्ही वर्गात सांगतो. पण कुणी आत्मघातकी हल्लेखोराकडे बोट दाखवून आमच्या दीनचे माप काढले की आम्हीच चिडून म्हणतो, माणसांवरून मजहब तोलू नका! मग दुसऱ्याचा माल तोलताना आमचा तराजू का बदलतो?

आम्ही ख्रिस्ती नाही. हजरत ईसा अलैहिस्सलाम आमच्यासाठी पैगंबर आहेत, खुदाचे पुत्र नव्हेत. तो मतभेद मोठा आहे आणि तो मिटवायला आम्ही बसलेलो नाही. पण शत्रूचेही भले चिंता, दान गुपचूप करा, हे डोंगरावरच्या प्रवचनात त्यांनी सांगितले असे ख्रिस्ती मानतात. ते ऐकून घ्यायला कलमा बदलावा लागत नाही.

यावर ठरलेले उत्तर असते : त्यांचा मजहब खयाली, आमचा अमली. ठीक आहे, अमलाचेच बोलू. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स हा ऑस्ट्रेलियन मिशनरी दोन मुलांसह गाडीत झोपला होता. फिलिप दहा वर्षांचा, टिमोथी सहा वर्षांचा. जमावाने गाडी पेटवली आणि तिघांना जिवंत जाळले. हा माणूस १९६५ सालापासून भारतात होता आणि बारीपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत होता. त्याची पत्नी ग्लॅडिस हिने मारेकऱ्यांना जाहीरपणे माफ केले आणि पुढे २००४ पर्यंत ती त्याच कुष्ठरोग्यांत राहिली.

आमचे एक सहकारी म्हणाले, ‘‘बाई कमजोर होती, दुसरे काय करणार?’’ कमजोर? कमजोर बाई पुढच्या विमानाने निघून गेली असती. कुणी म्हणेल, मिशनऱ्यांचा डोळा धर्मांतरावर असतो. असेलही! पण दोन मुले गमावलेल्या आईच्या माफीतही डाव शोधायचा असेल, तर मग आमच्या सदक्यात डाव शोधणाऱ्यांना आम्ही काय उत्तर देणार?

आणखी एक गोष्ट. तिच्या माफीने खटला बंद पडला नाही. दारा सिंगला २००३ साली फाशीची शिक्षा झाली, हायकोर्टाने २००५ साली ती जन्मठेपेवर आणली आणि सुप्रीम कोर्टाने २०११ साली जन्मठेप कायम ठेवली. तिने मनातला सूड सोडला. कायद्याचे काम कायद्याने केले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण १९९२-९३ च्या मुंबईत ज्यांची घरे जळाली त्यांना ‘विसरा आता, मोठे मन करा’ असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ सालीच आला. त्याचे काय झाले, हे मात्र ते विचारत नाहीत. माफी ही ज्याला जखम झाली त्याची मिळकत आहे. ती त्याच्याकडून वसूल करता येत नाही.

आता आपल्या घरात पाहू. जिवाच्या बदल्यात जीव, डोळ्याच्या बदल्यात डोळा, हे सूरह माइदाच्या ज्या आयतीचा हवाला देऊन आम्ही सांगतो, त्याच आयतीत पुढे हा हक्क सोडून देणाऱ्याविषयीही आहे. त्या सोडून देण्याला तिथे सदका म्हटले आहे आणि तो त्याच्या गुनाहांचा कफ्फारा ठरतो. अर्धी आयत पाठ, अर्धी गायब! त्याच सूरहमध्ये आदमच्या दोन मुलांचा किस्सा येतो. भाऊ जिवावर उठला तरी दुसरा त्याच्यावर हात उचलायला नकार देतो. मुलांना हा किस्सा सांगताना आम्ही मारणाऱ्याच्या अंजामावर अर्धा तास बोलतो आणि मरणाऱ्याच्या नकारावरून दोन वाक्यांत पुढे जातो. खान अब्दुल गफार खानांनी लाखभर पठाणांना अहिंसेची शपथ दिली, ती बायबल वाचून नव्हे. सब्र हे पैगंबरांचेच हत्यार आहे, असे ते सांगत. मग आम्हालाच ही शिकवण परकी का वाटावी?

दानाचे तर विचारूच नका. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही गोष्ट इंजीलमध्ये आहे आणि आमच्या हदीसमध्येही आहे. आणि आमच्या मोहल्ल्यात? रमजानमध्ये रेशनचे किट वाटायचे तर आधी बॅनर लागतो. बुरख्यातल्या बेवा रांगेत उभ्या, पाच किलो पिठाच्या पिशवीला चार पाहुण्यांचे हात, आणि संध्याकाळी तो फोटो प्रत्येक मोबाइलवर. त्यात आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई होती. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही.

जमातीच्या बैठकीत आम्ही सुचवले की यंदा किट घरपोच द्यावे, फोटो नको. एक बुजुर्ग म्हणाले, ‘‘मास्तर, मग चंदा देणाऱ्यांना हिशेब काय दाखवायचा?’’

आम्ही म्हटले, ‘‘चाचा, दुकानदाराची पावती दाखवा. तिचा चेहरा कशाला?’’

विषय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे.