तलावाचा काठ आणि तलावाचे पाणी

समुद्रापासून दूर, अवर्षणाच्या पट्ट्यात वसलेल्या सोलापूरकरांना तलावाचा काठ हाच काय तो किनारा. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा सायंकाळी मुलाबाळांसह वाऱ्यावर बसावयाचे तर सिद्धेश्वर तलाव किंवा विजापूर रस्त्यावरील संभाजी तलाव, म्हणजे जुन्या पिढीचा कंबर तलाव, हेच आठवतात. या काठांचे सार्वजनिक उद्यान व्हावे, ही मागणी चैनीची नव्हे, निकडीची आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाल्यावर तिला बळ मिळणे साहजिक होते.

परंतु सुशोभीकरण म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे. संभाजी तलावातील जलपर्णी आजवर अनेकदा काढण्यात आली आणि पुनःपुन्हा पसरली. हा दैवाचा दोष नव्हे. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर पोसते. तिचे बी गाळात वर्षानुवर्षे टिकते आणि तिच्या दाट थराखाली प्राणवायू घटून मासे गुदमरतात. सांडपाणी येत राहील तोवर ती उपसणे हे पालथ्या घड्यावर पाणीच ठरेल. बंगळूरचे बेल्लंदूर सरोवर फेब्रुवारी २०१७ मध्ये पेटले, ते सांडपाणी आणि कचरा यांच्या दीर्घ उपेक्षेमुळेच. अशा पाण्याकाठी बाके मांडली तरी बसावयास येणार कोण?

अडचण अशी की, कारंज्याचे उद्घाटन होते. नाला वळविल्याचे होत नाही. म्हणूनच खर्चाचा क्रम नागरिकांनी आग्रहाने ठरवून घ्यावा, असे आम्हांस वाटते. प्रथम सांडपाणी अडवून शुद्धीकरणाकडे न्यावे, मग गाळ काढावा, त्यानंतर वड, कडुलिंब, करंज यांची सावली उभी करावी आणि शेवटी दिवे व कारंजी यांचा विचार करावा. उद्यान सार्वजनिक म्हणावयाचे, तर प्रवेशास तिकीट नसावे. गिरणगावाची परंपरा सांगणाऱ्या या शहरात श्रमिकाच्या कुटुंबाला फाटकाबाहेर ठेवणारी बाग शोभणार नाही.

बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांची स्मृती हे शहर जपते, ती लोकांसाठी तलाव खोदणारे म्हणून. त्या वारशाचे वारसदार म्हणविणाऱ्या महापालिकेने दोन्ही तलावांच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दरमहा काठावरच फलकावर लावावेत. पैसा पाण्यावर खर्च झाला की काठावर, याचा निवाडा मग नागरिक स्वतःच करतील.