मुक्कामाचा दिवस

अमरावती ते अकोला हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू मागे टाकीत सराईत सायकलस्वार ते एका सकाळीत कापतो. जून 2022 मध्ये याच मार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा सलग अंथरण्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. आता थांबावे कशाला, असे तरुण स्वार विचारतात. पंढरपुरास निघालेला एखादा पन्नाशीचा गृहस्थ अकोल्यास जुन्या वर्गमित्राकडे दिवसभर राहिला, की तो दिवस त्यांच्या लेखी वाया गेलेला!

हा हिशेब ब्रेव्हेतून आला असावा. तेथे 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात आणि चहाची घटकाही त्यांतच मोजतात. तेथे ते योग्यच; प्रवासास हे माप लावणे मात्र चूक आहे. थकलेल्या स्नायूंतील शर्करेचा साठा भरून येण्यास सुमारे एक अहोरात्र लागते; तेव्हा मुक्काम ही पुढील मजलेचीच गुंतवणूक होय. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री राहतात, म्हणून वारी रखडली असे कोणी म्हणत नाही.

शिवाय मित्राचे काय? शंभर किलोमीटरवर राहणारी ही माणसे एरवी भेटतात ती लग्नात, नाही तर मयतीला; तीही परतीच्या गाडीकडे लक्ष ठेवून. येथे दुपारी ठेचा-भाकरी होते, ओसरीवर लवंडून कापसाच्या भावापासून कॉलेजातल्या भांडणांपर्यंत सारे निघते. दुसऱ्या पहाटे पातूरच्या वाटेवर मित्रही आपली गंजकी सायकल चार मैल सोबत काढतो. त्या दिवशीची मजल अर्ध्या तासाने लांबते, लांबू द्यावी.