लग्न गावाकडे, हप्ते निवृत्तीपर्यंत



तुळशीचे लग्न लागले की युनियन कार्यालयात येणाऱ्यांची वर्दळ वाढते. कोणाला पीएफचा अर्ज भरून हवा असतो, कोणाला पतपेढीच्या कर्जासाठी जामीनदार हवा असतो, कोणाची रजा अडलेली असते. कारण विचारले तर उत्तर एकच, ‘मुलीचे लग्न आहे.’ नोकरी इटारसीला असो, सिकंदराबादला असो की हुबळीला, आपला मराठी कामगार लग्न मात्र महाराष्ट्रात, आपल्या गावाकडेच करतो. त्यात गैर काही नाही. भाऊबंद तिथे, सोयरे तिथे. पण त्या लग्नाचा जो हिशोब होतो, तो आज युनियनचा विषय झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

महागाई भत्त्याच्या एक-दोन टक्क्यांसाठी आपण गेटवर सभा घेतो, घसा बसेपर्यंत घोषणा देतो. असा मिळवलेला पैसा मंगल कार्यालय, डीजे, मानपानाच्या साड्या आणि आता फोटो-शूटिंगच्या नव्या फॅडवर दोन दिवसांत उडतो. पुढे दहा वर्षे पगारपत्रकावर कपात चालू राहते. पूर्वीचा गँगमन कर्ज फेडता फेडता निवृत्त झाला तरी त्याच्या पाठीशी पेन्शन होती. १ जानेवारी २००४ पासून नोकरीत लागलेल्यांना ती पेन्शन राहिली नाही. एनपीएसमधून मुलांच्या लग्नासाठी स्वतःच्या वर्गणीच्या फक्त २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. १ एप्रिल २०२५ पासून यूपीएसचा पर्याय आला, तरी जुनी पेन्शन काही परत आलेली नाही. ग्रामीण डाक सेवकाला तर सरकारी पेन्शनच नाही. २००४-०५ साली लागलेल्यांच्या मुली आता लग्नाला आल्या आहेत. म्हणून हा प्रश्न आजचा आहे. लग्नात उधळलेला पैसा हा आपल्याच म्हातारपणातून काढलेला पैसा आहे.

यावर एक उत्तर नेहमी मिळते, ‘साहेब, आम्हाला हौस नाही, पण मुलीकडच्यांना करावेच लागते.’ मान्य. पण मुलाकडचे कोण असतात? पुष्कळदा तेही आपलेच असतात. मुलीच्या लग्नात रडकुंडीला आलेला बाप मुलाच्या लग्नात यादी घेऊन बसतो. ‘आम्हाला हुंडा नको, फक्त लग्न चांगले करून द्या’ असे म्हणतो आणि हळूच गाडीचा विषय काढतो. अशा वरबापांनी नियम वाचावेत. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहेत. त्याला किमान पाच वर्षे कैद आहे. शिवाय रेल्वेच्या १९६६ च्या आचरण नियमांत आणि पोस्टाला लागू असलेल्या १९६४ च्या नियमांत १३-अ हा नियम खास हुंड्यासाठीच आहे. हुंडा घेणाऱ्याची नोकरी धोक्यात येते. अशा माणसाच्या चार्जशीटला उत्तर लिहायला युनियनने का धावावे, हेही एकदा ठरवले पाहिजे.

साधे लग्न ही काही आजची कल्पना नाही. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीविना, थोड्या खर्चात पहिला सत्यशोधक विवाह लावला. याच समाजाचे कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे हे भारतातील कामगार चळवळीचे जनक. गिरणीत जाण्यापूर्वी त्यांनी रेल्वे आणि पोस्ट खात्यांत नोकरी केली होती, म्हणजे ते आपल्याच खात्यांतले. १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून देणारा हा माणूस साध्या लग्नाच्या परंपरेतला होता, हे आपण विसरलो.

आता थोडे कामाचे. नोंदणी विवाह करायचा असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे वधू-वरांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावे लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागले पाहिजे. साक्षीदार तीन लागतात. परराज्यात नोकरी करणाऱ्या मुलाने पंधरा दिवसांच्या रजेवर येऊन हे जमत नाही. त्यामुळे नोटीस वधूच्या जिल्ह्यात आधीच द्यावी.

लग्न पारंपरिक पद्धतीने झाले तरी नोंदणी चुकवू नये. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ती ९० दिवसांच्या आत करायची असते, गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात पालिकेच्या कार्यालयात. गावी असतानाच उरकून घ्या, कारण त्यासाठी पुन्हा रजा मिळत नाही. पुढे पासावर नाव चढवताना आणि देव न करो, पण कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी, तोच कागद कामी येतो. नोंद नाही म्हणून कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या विधवा भगिनी मी पाहिल्या आहेत.

मुहूर्त काढताना रजेचाही विचार करा. मे महिन्यात गाड्यांना गर्दी, माणसे कमी आणि रजेचे अर्ज ढीगभर. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून फक्त ६० दिवस आधी उघडते. तेव्हा परगावच्या वऱ्हाडाच्या तिकिटांचा विचार तारीख ठरवतानाच करावा.

माझी शाखांना सूचना आहे. रेल्वे इन्स्टिट्यूट व कम्युनिटी हॉल सभासदांच्या घरच्या लग्नासाठी सवलतीत आणि आधी मिळावेत, अशी मागणी प्रशासनाकडे करा. एकाच हंगामात चार-पाच लग्ने असतील तर ती एकाच मांडवात लावण्याची व्यवस्था शाखेने करावी. आणि हुंडा मागणाऱ्या सभासदाला युनियनचे कोणतेही पद देऊ नये, असा ठराव पुढील वार्षिक सभेत करा. सुरुवात पदाधिकाऱ्यांनी आपल्या घरापासून करावी. पुढारी मांडवात हत्ती-घोडे नाचवील, तर त्याच्या भाषणावर कोण विश्वास ठेवील?

मुलीला द्यायचेच असेल तर शिक्षण द्या, तिच्या नावावर पोस्टात चार पैसे ठेवा. पंगतीतले जेवण लोक आठ दिवसांत विसरतात. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पगारपत्रकावर दिसत राहतो.