शुक्रवारी डिप्लॉय करू नये

आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर नवीन कोड चढवायचा नाही. चढवताना काही होत नाही हो, अर्ध्या तासात चढतो तो. जे व्हायचं ते शनिवारी पहाटे होतं, आणि तेव्हा चढवणारा फोन बंद करून झोपलेला असतो. हा नियम मी गेली १७ वर्षं पाळतोय, नवीन पोरांना तोंड वर करून शिकवतोय. आणि घरच्या कुत्रीच्या ऑपरेशनच्या वेळी नेमका मीच तो मोडला!

तर झालं असं. आई जव्हारला एकटी राहते. म्हणजे एकटी नाही, चिमी असते सोबतीला. चिमी गावठी, रंगाने तांबूस, स्वभावाने संशयी. भाद्रपद आला की आमच्या अंगणात जव्हारातल्या समस्त कुत्र्यांची सभा भरायची, आणि दर वर्षी पिल्लं कुणाकुणाच्या गळ्यात मारायची हा आईपुढे प्रश्न. तेव्हा २०२२ च्या डिसेंबरात मी ठरवलं, चिमीची नसबंदी करून टाकायची. (कुत्रीच्या बाबतीत ही नसबंदी म्हणजे पोट उघडून गर्भाशय आणि अंडाशय काढणं. लहानसहान काम नाही ते.)

जव्हार-मोखाड्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण त्यांचा दिवस गाई-बैल, शेळ्या आणि कोंबड्यांत जातो. तेच बरोबर आहे, या तालुक्यांत जनावर म्हणजे घरातली बँक. पण आधी रक्त तपासून, भूल देऊन, शांतपणे कुत्रीचं पोट उघडायचं तर आपल्याला नाशिक नाहीतर ठाणे-मुंबई गाठावी लागते. मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेच बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं जुनं रुग्णालय आहे. पण जव्हारहून नाशिक जवळ. मोखाडा, मग तोरंगणचा घाट, मग त्र्यंबक, साधारण ८० किलोमीटर. मी शनिवारची वेळ घेतली. का? तर मला शनिवार-रविवार सुट्टी असते म्हणून. या एका वाक्यात माझी सगळी चूक आली.

तयारी मी माझ्या मते चोख केली होती. आठवडाभर आधी रक्त तपासून आणलं. हे कुणी टाळू नका. आपल्याकडच्या कुत्र्यांना गोचीड असतातच, आणि गोचीड तापात रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात. वरून कुत्रं ठणठणीत दिसतं आणि टेबलावर रक्त थांबत नाही. आदल्या रात्री हलकं जेवण आणि मग सकाळी काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भूल चढताना उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं, म्हणून हा उपास. पाणी मात्र सकाळपर्यंत चालतं. आणि अगदी लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवायचं नसतं, त्यांची साखर उतरते. नेमके तास ज्याचे त्याच्या डॉक्टरलाच विचारावेत.

आता हे सगळं आईला दोनदा सांगितलं होतं. पहाटे पाचला निघालो, मोखाडा मागे पडल्यावर आई हळूच म्हणते, "अरे, अर्धी भाकरी दिली रे मी तिला. एवढ्या लांब उपाशी कशी न्यायची?"

मी चिडलो. दवाखान्यात हे सांगायचं की नाही असाही एक क्षण विचार आला, कारण सांगितलं तर ऑपरेशन पुढे जाणार आणि माझा शनिवार वाया जाणार! सांगितलं शेवटी. डॉक्टर काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त सकाळची वेळ दुपारी केली. खाल्लेलं लपवू नका एवढंच म्हणेन. त्यांना उशीर चालतो, भरलेलं पोट चालत नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. रात्री जव्हारला परत. चिमी अर्धवट गुंगीत, डिसेंबरची थंडी, आणि भुलीत जनावराच्या अंगातली ऊब कमी होते हे डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून तिच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. (नुसती गरम बाटली अंगाला लावायची नाही. गुंगीत त्याला चटका कळत नाही, बाजूला होता येत नाही.) रविवारी सकाळी तिने दोन घास भात खाल्ला, अंगणात जाऊन आली. मी खूश. आईला गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या, गळ्यातलं प्लास्टिकचं नरसाळं काढू नकोस म्हटलं, आणि दुपारी चारला ठाण्याच्या रस्त्याला लागलो. सोमवारी सकाळी मीटिंग होती ना!

पाचव्या दिवशी आईचा फोन. चिमीने टाके ओढले होते.

नरसाळं आईनेच काढलं होतं. त्यात तिचं काय चुकलं? चिमी दारात अडकायची, भांड्यात तोंड जायचं नाही, रात्रभर खरवडत बसायची. अडुसष्ट वर्षांच्या बाईने चार रात्री जागून काढल्या आणि पाचव्या रात्री दया आली म्हणून म्हणा, झोप आली म्हणून म्हणा, ते काढून ठेवलं. सकाळी जखमेची वरची कातडी उघडी. सुदैवाने आतला स्नायूंचा थर शाबूत होता. शेजारच्या मुलाने गाडी काढली, परत तोच घाट, परत भूल, परत टाके. मी ठाण्यात बसून फोनवर सूचना देत होतो. सूचना द्यायला मला फार छान जमतं.

चिमी बरी झाली, आज धडधाकट आहे. पण आईने तिला जे निस्तरलं ते निस्तरलं.

आता दुसरी गोष्ट. मोखाड्याला माझा मामा आहे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. त्याची लाली सात वर्षांची, नसबंदी न केलेली. "आपल्याला काय घाई आहे" या नावाखाली राहून गेलेली. २०२४ च्या ऑक्टोबरात, माज होऊन गेल्यावर महिन्या-दीड महिन्याने लाली सुस्तावली. जेवेना. पाणी मात्र भांडंच्या भांडं पिऊ लागली. मग उलट्या. गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न झालेल्या, वय वाढलेल्या कुत्र्यांत हा आजार नवा नाही. पू बाहेर वाहिला तर निदान दिसतो तरी. तोंड बंद राहून आतच साठला तर कळेपर्यंत फार उशीर होतो. लालीचा आतच साठला होता. परतीचा पाऊस चालू, रात्रीची वेळ, मामा तिला घोंगडीत गुंडाळून जीपने नाशिकला घेऊन गेला. आधी सलाईन, अँटिबायोटिक, मग ऑपरेशन. डॉक्टरांनी वाचण्याची खात्री दिली नव्हती.

म्हणजे बघा, चिमी तरुण, निरोगी, ठरवून नेलेली. लाली वयस्क, विष भिनलेली, रात्री धावतपळत नेलेली. कागदावर चिमीचं सगळं सोपं. आणि प्रत्यक्षात लालीची जखम एका टाक्यालाही न हलता भरली.

कारण मामा घरी होता. भात कापणीला आलेलं, तरी तो पंधरा दिवस शेतावर गेला नाही. भावकीने कापून दिलं. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑपरेशनचा दिवस गोल केला आणि रोज एक रेघ मारत गेला. नरसाळ्याने लाली बिथरते म्हटल्यावर त्याने ते फेकलं नाही, डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि जुन्या बनियनला चार पायांची भोकं पाडून तिला घातलं, पोट पूर्ण झाकेल असं. आणि रात्री बनियनवर भरवसा न ठेवता नरसाळंही घातलं. शेणाने सारवलेली ओटी तिला बंद. घरात धुतलेली गोधडी, ती रोज बदलायची, पावसात वाळत नाही म्हणून चुलीच्या उबेला वाळवायची. बाहेर जायचं ते दोरीने, पाच मिनिटं, परत आत. उड्या नाहीत, पायऱ्या नाहीत, आंघोळ नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पोटाखाली टॉर्च मारून जखम बघायची. पावसात माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात हे त्याला गुरांवरून ठाऊक होतं. सकाळी त्याच अंतरावरून, त्याच जागी फोटो काढायचा आणि नेटवर्क येईल तेव्हा मला नि डॉक्टरांना पाठवायचा. कालच्या फोटोशेजारी आजचा ठेवला की सूज वाढली की उतरली ते लगेच दिसतं. शिवाय हिरडी बोटाने दाबून सोडायची, दोन सेकंदांत गुलाबी रंग परत आला पाहिजे. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, जखमेतून रक्त किंवा पू आला, दिवसभर अन्न नाकारलं तर फोन, वाट बघायची नाही. हे त्याला डॉक्टरांनी एकदाच सांगितलं होतं.

हळद लावली का म्हणून शेजारचे विचारून जायचे. मामा म्हणायचा, "लिहून दिलंय तेवढंच." माणसाची दुखण्याची गोळीही नाही. आयबुप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड बिघडवतं, आणि मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. आपल्याला वाटतं दुखतंय बिचारीला, देऊ अर्धी. ही दया आईच्या भाकरीसारखीच.

दिवाळीच्या तोंडावर, चौदाव्या दिवशी टाके निघाले.

मधे एकदा मामाला भेटायला गेलो तेव्हा मोखाड्याच्या नाक्यावर चहा पिताना एकाने तोंडावर विचारलं, "माणसांना दवाखाना मिळत नाही इथे, आणि तुम्ही कुत्रीला नाशिकला नेता?" प्रश्न खोटा नव्हता. याच भागातलं वावर-वांगणी १९९२ साली बालमृत्यूंमुळे देशाला माहीत झालं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये याच तालुक्यातल्या मर्कटवाडीच्या एका बाळंतिणीला रस्ता नाही म्हणून डोलीतून न्यावं लागलं, तिची जुळी बाळं गेली. मी काय उत्तर देणार? लालीला नेलं नसतं तर तो रस्ता झाला असता असं नाही, हे खरं. पण म्हणून प्रश्न मिटत नाही, तो सरकारला आणि आपल्यासारख्यांना विचारत राहिलाच पाहिजे. मला त्यातून माझ्यापुरती एकच गोष्ट उमगली. जिथे दवाखाना दोन घाटांपलीकडे आहे तिथे घरच्या माणसाची सेवा हाच अर्धा दवाखाना असतो, माणसाचाही आणि जनावराचाही. शहरात टाका उसवला तर रिक्षा करून जाता येतं. इथे ते परवडत नाही. आणि ही सेवा आपण गृहीत धरतो, कारण ती करणारी सहसा मागे राहिलेली आई असते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नसबंदी टाळू नका, लालीसारखी वेळ येऊ देऊ नका. भाद्रपदातला माज संपल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्या, म्हणजे मार्गशीर्ष-पौष येतो. रस्ते कोरडे, माश्या कमी, जखम वाळायला हवा चांगली. पण तारीख ठरवताना ऑपरेशनची सुट्टी मोजू नका. ऑपरेशन तासाभराचं, त्याला तुमची गरजही नसते, तुम्ही बाहेर बाकावर बसून मोबाईल बघणार. सुट्टी मोजायची ती नंतरच्या दहा ते चौदा दिवसांची. ते दिवस कोण राहणार, रात्री कोण उठणार, हे ठरत नसेल तर तारीख पुढे ढकला. ठरवून करायच्या ऑपरेशनला महिनाभराने काही फरक पडत नाही. शनिवारी करून रविवारी पळणाऱ्याने मात्र करू नये. तो फक्त काम आईवर टाकून येतो.

असो. मामाने आता ढवळी नावाचं एक पिल्लू आणलंय, मोठं होतंय. येत्या पौषात तिचा नंबर, वेळ सोमवारची घेतलीय. मी दहा दिवसांची रजा टाकली आणि उरलेले चार दिवस मामा बघणार आहे. मॅनेजरने विचारलं, घरात कुणाचं ऑपरेशन आहे का. हो म्हटलं.